दुसरा ब्रेक

माणूस शहाण्णव वर्षं जगला की त्याला नावं ठेवणारे सगळे त्याच्याआधीच गेलेले असतात. दीर्घायुष्याचा हा फायदा मास्तरांनी पुरेपूर घेतला. त्यांच्या स्मरणसभेला त्यांच्याविषयी खरं बोलू शकेल असं एकच वडीलधारं माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, सगळ्यांचे काका. पण काकांनीही नव्वदीकडे तोंड केलेलं. आपल्या सभेत लोक काय बोलतील याची त्यांना आतापासून काळजी होती, त्यामुळे तेही आज गोडच बोलायचं ठरवून आले होते.

सभा रविवारी, ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गातच ठेवली होती. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते. मास्तरांच्या फोटोचं टेबल जिथे मांडलं तिथे बरोबर डोक्यामागे 'प्रवेश बंद' येत होतं. त्यांच्या मुलीने, ताईंनी, टेबल सरकवलं, तर 'पुढे धोक्याचं वळण' आलं. निवृत्त मुख्याध्यापिका असल्यामुळे ताईंना कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की टेबलं सरकवावीशी वाटतात. शेवटी 'हॉर्न वाजवू नये' या खुणेवर तडजोड झाली.

फोटोवर मात्र होईना. थोरल्या मुलाने शोधून काढलेला फोटो इथला होता. मास्तर स्कूलच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, जणू गाडी त्यांनीच जन्माला घातली असावी असे. धाकट्याने आणलेला फोटो तिकडचा, परदेशातल्या त्याच्या घराकडचा. त्यात मास्तर बागेतल्या बाकावर लोकरीची टोपी घालून, हातात कॉफीचा कागदी पेला धरून बसलेले.

"हे मास्तर वाटतात का?" थोरला म्हणाला. "बस चुकलेला माणूस वाटतोय."

"सोळा वर्षं ते असेच दिसायचे, दादा. एकदा तरी आला असतास तर ओळखले असतेस."

"आणि स्कूल कोणी चालवायचं? तू येणार होतास, दात उपटून झाल्यावर?"

धाकटा तिकडे दातांचा डॉक्टर होता. समोरच्याचं तोंड उघडं असताना शांत राहायची त्याला सवय होती. तो शांत राहिला. ताईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे कोणाचंच समाधान झालं नाही आणि सभेची तयारी पूर्ण झाली.

पोटची मुलंही वडिलांना मास्तरच म्हणत. "गाडीत बाबा नसतो, मास्तर असतो," असं त्यांनी तिघांनाही पहिल्या धड्याला बजावलं होतं, आणि गाडीबाहेर ते फारसे कधी सापडतच नसत. शिकणाऱ्याच्या शेजारी, डाव्या सीटवर ते बसत. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शिकणाऱ्याने गोंधळ घातला की मास्तरांचा उजवा पाय पडायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. या शिक्षणाचा परिणाम असा की या घराण्यातला एकही माणूस आजवर गाडीत दुसऱ्याच्या शेजारी स्वस्थ बसलेला नाही. समोर मांजर आडवं गेलं तरी सगळ्यांचे उजवे पाय जमिनीत घुसतात.

असा हा माणूस. धाकटा वर्षानुवर्षं बोलावत होता आणि मास्तर वर्षानुवर्षं सांगत होते, "तिथे लोक रस्त्याच्या उलट्या बाजूने जातात. माझा अशा देशावर विश्वास नाही." आणि ऐंशीव्या वर्षी एक दिवस ते अचानक "येतो" म्हणाले, एक बॅग भरली आणि गेले ते कायमचेच. लोक त्या वयात दवाखाना बदलत नाहीत, यांनी देश बदलला.

का गेले, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्याचं उत्तर होतं, "शेवटी ते माझ्याकडे आले." हे वाक्य त्याने पदवीच्या प्रमाणपत्रासारखं सोळा वर्षं दर्शनी भागात लावून ठेवलं होतं. इथल्यांचं उत्तर वेगळं होतं, आणि ते उत्तर या क्षणी वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात चहाचे कप मांडत होतं.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको. औषधांचं दुकान चालवायच्या. घाऊक बाजारातून मालाची खोकी बसने आणताना खांदे भरून यायचे, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या सासऱ्यांच्या शेजारी, स्कूलच्या गाडीत शिकायला बसल्या. दोन आठवडे ठीक गेले. मग एका सकाळी डेअरीच्या वळणावर दूधवाल्याची तीनचाकी उभी होती. वहिनी गडबडल्या, गाडी थेट तिच्यावर गेली. दूध रस्त्याच्या टोकापर्यंत वाहत गेलं. कोणाला खरचटलंही नाही. पण स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'चाळीस वर्षं. एकही अपघात नाही.' दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः शिडीवर चढले आणि पत्र्यावरची ती ओळ त्यांनी पट्टीने खरवडून काढली. कोणाला शिडीला हात लावू दिला नाही. महिन्याभरात ते तिकडे होते.

तेव्हापासून वहिनींनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. खोकी बसनेच येत होती.

आता थोरल्याने नवी पाटी करून आणली होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, सभा झाल्यावर लावायची म्हणून. ताईंनी ती वळवून पाहिली आणि चष्मा वर केला.

"दादा, ही ओळ परत घातलीस?"

"मग? मास्तरांची ओळख आहे ती."

"पण खोटी आहे. दूधवाला झाला ना."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कपांकडे पाहिलं.

काका खुर्चीत सावरून बसले. हा त्यांचा विषय होता. "तो अपघात स्कूलचा धरायचाच नाही," ते म्हणाले. "तो घरचा. घरात बशी फुटली म्हणून कोणी दुकानाची पाटी उतरवतं का? फार तर कंसात लिहा, घरचा एक सोडून."

सगळे हसले. थोरला हसला, ताई तोंडावर हात धरून हसल्या. वहिनीही हसल्या. सोळा वर्षांत त्यांना या ठिकाणी कधी आणि किती हसायचं याचं चांगलं वळण लागलं होतं. काकांच्या गोष्टीत गाडीचा वेग दरवर्षी वाढत होता आणि दुधाचे कॅन सासुरवाशिणीच्या कामांसारखे कमी व्हायचं नाव घेत नव्हते. वहिनी एकदाही म्हणाल्या नव्हत्या की काका, तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

"वहिनी, तुझी काही हरकत नाही ना?" ताईंनी विचारलं. "म्हणजे तुझं ते धरायचं नाही, असं ठरवू."

"माझी कसली हरकत," वहिनी म्हणाल्या. "पाटी तुमची आहे."

त्या तेवढंच म्हणाल्या. पण ही ओळ आता पत्र्यावर पक्क्या रंगात जाणार, आणि खालून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस वर पाहून मनातल्या मनात कंस घालणार, हे त्यांना दिसत होतं. काका आज ना उद्या जातील. पाटी राहील.

पाहुणे आले. जुने विद्यार्थीच बहुतेक, काहींचे केस मास्तरांपेक्षा पांढरे. मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने भाषणं सुरू झाली. ताईंनी प्रास्ताविकात मास्तरांना 'शिस्तीचा वटवृक्ष' म्हटलं. हे त्यांनी शाळेतल्या सगळ्या निवृत्त होणाऱ्या शिपायांनाही म्हटलेलं होतं. थोरला त्यामानाने बरं बोलला.

"पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येकाला एकच सांगायचे," तो म्हणाला. "घाबरू नका. तुम्ही चुकणार. चुकायलाच तुम्ही आला आहात. तुमच्या चुकीसाठीच मी हा दुसरा ब्रेक घेऊन बसलोय."

जुन्या विद्यार्थ्यांनी माना हलवल्या. तिसऱ्या रांगेतल्या एका वकिलाने रुमाल काढला. वहिनी चहा गाळत होत्या, त्यांचा हात क्षणभर थांबला. हे वाक्य त्यांनाही सांगितलेलं होतं.

शेवटी धाकटा उभा राहिला. त्याला माहीत होतं, इथल्यांच्या मनात तो म्हातारा पळवून नेणारा होता. म्हणून त्याने हसवायचं ठरवलं होतं. तिकडे त्याचे मास्तरांचे किस्से चालायचे, जेवणाच्या टेबलावर लोक आग्रहाने सांगायला लावायचे.

"विमानतळावरून घरी न्यायला मी गाडी आणली, तर मास्तर सरळ डावीकडचं दार उघडून बसले. तिथे डावीकडे चालवणारा बसतो. मी म्हटलं, मास्तर, ती माझी जागा आहे. तर म्हणतात, चाळीस वर्षं मी याच बाजूला बसतोय, तू पलीकडून ये."

वर्ग हसला. धाकट्याला हुरूप आला.

"मग मी त्यांना उजवीकडे बसवलं. तिथे काय, रिकामी जमीन. तरी यांचा पाय चालूच. सिग्नल आला, दाब. सायकल आली, दाब. टाचेने माझ्या गाडीच्या मॅटला भोक पाडलं. मी म्हणायचो, मास्तर, इथे ब्रेक नाही. तर एकदा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, 'त्या दिवशी तर होता. तरी मी जमीनच दाबली.' मी विचारलं, कुठल्या दिवशी? म्हणाले, 'दूधवाल्याच्या. सूनबाई ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होती. मी सगळा जीव लावून दाबला. पाय पेडलवर नव्हताच, शेजारी होता. मला कळलंच नाही.' आणि परत खालची मॅट दाबली."

तिकडे किश्श्याच्या या जागी हशा यायचा. तिकडच्या लोकांना दूधवाला कोण, सूनबाई कोण, काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त रिकाम्या जमिनीवर पाय दाबणारा म्हातारा दिसायचा. धाकटा सवयीने हशासाठी थांबला. कोणी हसलं नाही. मग आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं, आणि इतकी वर्षं ते कसं ऐकू आलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. खरं तर आश्चर्य नव्हतं. ते ऐकलं असतं तर मास्तर त्याच्याकडे आले नव्हते, कुठून तरी निघून गेले होते, एवढंच उरलं असतं.

"म्हणजे ब्रेक मास्तरांचाच चुकला होता," तिसऱ्या रांगेतला वकील शेजाऱ्याला म्हणाला. हळूच म्हणाला, पण त्या वर्गात मास्तरांनी आवाज मागच्या बाकापर्यंत जावा अशी सोय करून ठेवली होती.

ताई उठल्या. "चहा तयार आहे," त्यांनी जाहीर केलं.

पाहुणे चहा पिऊन निघून गेले, नेहमीपेक्षा लवकर. घरचे पाचजण खुर्च्यांच्या रांगांत मागेपुढे बसून राहिले. दुपारपर्यंत फोटोवरून, पाटीवरून एकमेकांना पाण्यात पाहणारी भावंडं आता बघता बघता एक झाली. मेलेल्या बापाची अब्रू राखायची वेळ आली की या घराण्यासारखी एकी कुठे सापडायची नाही.

"वय झालं होतं त्यांचं," थोरला म्हणाला. "त्या वयात माणूस काहीही बोलतो."

"भास होतात," ताई म्हणाल्या. "मनात एखादी गोष्ट बसली की माणसाला वाटायला लागतं, आपणच केलं. सुनेची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. किती मोठं मन."

वहिनींनी कप उचलायचे थांबवले. त्यांच्या चुकीतूनही मास्तरांचं मोठं मन निघालं होतं.

"तूच सांग," ताई धाकट्याकडे वळल्या. "शेवटी शेवटी भ्रमिष्टासारखं करायचे की नाही? तू डॉक्टर आहेस."

धाकट्याला एवढंच करायचं होतं की मान हलवायची. मान हलवली की मास्तर पुन्हा शिस्तीचा वटवृक्ष झाले असते, पाटी लागली असती, आणि ते त्याच्याकडे प्रेमाने आले होते हेही जागच्या जागी राहिलं असतं. त्याने चहाच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "पूर्ण शुद्धीत होते. शब्दकोडी पेनाने सोडवायचे. आणि हे एकदाच बोलले नाहीत, दरवर्षी दोनचारदा तरी बोलायचे. मीच त्याचा किस्सा केला."

"मग माझ्याकडे आले, माझ्याकडे आले म्हणून का सांगत होतास जगाला?" थोरला म्हणाला.

"कारण मला तसं हवं होतं, दादा. तुला तसं नको होतं म्हणून तू वहिनींवर ढकललंस. वड्याचं तेल वांग्यावर."

 सोळा वर्षं प्रत्येक समारंभात काका ती गोष्ट सांगत आणि थोरला शेजारी बसून हसत असे. बायकोला त्या सकाळचं एकदा तरी आपण विचारलं होतं का, हे तो आता आठवू लागला. विचारलं नव्हतं. बाप चुकेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि बायको चुकणार हे त्याने आधीपासून धरूनच ठेवलं होतं.

काका घसा साफ करत म्हणाले, "आता एवढं उगाळायचं कशाला. माणूस गेला."

"काका, तुम्ही गेली सोळा वर्षं उगाळताय," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण या खोलीत त्या असं कधी बोलल्याच नव्हत्या, त्यामुळे काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मलाही वाटत होतं, मीच ठोकली," त्या म्हणाल्या. "मी ओरडले हे मला आठवायचं. मग वाटायचं, उशिरा ओरडले असेन. मास्तरांचा पाय चुकेल कसा? चुकली असेन तर मीच. माझ्यामुळे ऐंशी वर्षांचा माणूस घर सोडून गेला, हे डोक्यावर घेऊन मी याच घरात भाकरी भाजल्या. आणि ते तिकडे तुम्हाला सांगत होते, भावजी. मला नाही. मी काय दूर होते? दर रविवारी फोन यायचा."

"तुमच्याशी काय बोलायचे?" धाकट्याने विचारलं.

वहिनींनी समोरचा कप उचलला.

"एकच विचारायचे. 'सूनबाई, गाडी चालवतेस का?' मी म्हणायची, नाही. की झालं. मला वाटायचं, टोमणा मारतायत. इतक्या वर्षांनीही सोडत नाहीत. मनात म्हणायची, एवढ्या लांब गेले पण खोड गेली नाही."

"तुम्ही नाही म्हणालात की फोन माझ्या हातात द्यायचे," धाकटा म्हणाला. "आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. बराच वेळ. मला वाटायचं, घरची आठवण येते."

वहिनींना राग आला. इतका आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. दर रविवारी विचारायला जमत होतं, तर एकदा सांगायला काय झालं होतं? चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीवर पाय ठेवून बसलेल्या माणसाला स्वतःची एक चूक उच्चारता आली नाही, म्हणून तो समुद्र ओलांडून गेला. आणि त्याच रागाच्या पोटात, खिडकीशी उभा राहिलेला तो लोकरीच्या टोपीतला म्हातारा त्यांना दिसत होता, आणि त्याचीही दया येत होती. दोन्ही एकदम होत होतं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, पदर-रुमाल काही न शोधता.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चावी द्या."

"कसली?"

"स्कूलच्या गाडीची."

"तुझ्याकडे परवाना नाही," ताई म्हणाल्या.

"मागच्या मैदानात कोण विचारतंय," काका म्हणाले. त्यांना गोड बोलायची ही पहिली खरी संधी मिळाली होती.

थोरल्याने चावी काढली, पण हातातच धरून ठेवली. "सोळा वर्षं झाली. तू सगळं विसरली असशील. चुकशील."

"चुकायलाच बसतेय," वहिनी म्हणाल्या. "मघाशी भाषणात तुम्हीच सांगितलंत ना, दुसरा ब्रेक कशासाठी असतो? बसा शेजारी."

वर्गामागच्या सरावाच्या मैदानात गाडी उभी होती. कोणी बोलावलं नसताना बाकीचे तिघेही मागे जाऊन बसले. कोणालाच त्या वर्गात, त्या दोन फोटोंपाशी, मागे थांबायचं नव्हतं. वहिनींनी सीट पुढे घेतली, आरसा वळवला. त्यात मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेलं अख्खं घराणं दिसलं. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. कोणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्यांदा गाडी एक हिसका देऊन निघाली आणि मैदानाच्या कडेने चालू लागली.

पहिलं वळण त्यांनी मोठं घेतलं, दुसरं बरं घेतलं. तिसऱ्या वळणावर समोर भिंत होती, आणि भिंतीला टेकून ती नवी पाटी. सभा सुरू व्हायच्या आधी थोरल्याने ती लावायला म्हणून इथे शिडीपाशी आणून ठेवली होती. गाडी तिच्या रोखाने जात राहिली. 'चाळीस वर्षं. एकही अपघात नाही.' अक्षरं मोठी व्हायला लागली. गाडीत चार उजवे पाय एकदम उठले, त्यातले तीन नुसत्या जमिनीत घुसले. चौथा पेडलच्या वर येऊन थांबला.

"पाय वर घ्या," वहिनी समोरची नजर न काढता म्हणाल्या.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, आणि पाय उचलून घेतला.

गाडी पाटीच्या हातभर अलीकडे थांबली. वहिनींनी स्वतः थांबवली होती. त्यांनी क्लच दाबला, गाडी मागे घेतली आणि पुन्हा मैदानाच्या कडेने चालवायला घेतली. 

रविवार होता. तिकडून मास्तरांचा फोन यायची हीच वेळ असायची.

"हो," वहिनी म्हणाल्या. "चालवते."

"कोणाला म्हणतेस गं?" काकांनी मागून विचारलं.

वहिनींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पुढचं वळण जवळ आलं होतं.